मुलाला सेशन, घराला काय?

मूल अडीच वर्षांचे होते तरी हाकेला वळत नाही, आलेले दोन-चार शब्दही मागे पडतात. घरातले एखादे वडीलधारे म्हणते, 'अगं, याचा बापही उशिराच बोलला होता.' वाट बघण्यात काही महिने जातात. मग बालरोगतज्ज्ञ, मग कानांची तपासणी, मग मोठ्या शहरातले कोणीतरी नावाजलेले डॉक्टर, आणि शेवटी कागदावर एक निदान येते : ऑटिझम, किंवा एडीएचडी, किंवा नुसताच 'विकासात्मक विलंब'. त्या दिवसापासून घराचे वेळापत्रक नव्याने लिहिले जाते. मंगळवार-शुक्रवार ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), बुधवारी स्पीच, शनिवारी स्पेशल एज्युकेटर. आईची नोकरी सुटते. बाबा जास्तीचे काम धरतात. आजी राहिलेल्या नवसांची उजळणी करते. मोठ्या बहिणीच्या वह्या कोणी उघडून बघत नाही, कारण ती 'समजूतदार' आहे.

उपचार एकाचे होतात आणि आयुष्य पाच जणांचे बदलते. मग मदत त्या एकाला द्यायची की पाच जणांना? 'दोघांनाही' असे कोणीही पटकन म्हणेल. पण पैसा, प्रशिक्षित माणसे आणि दिवसाचे तास मोजकेच आहेत, आणि 'कुटुंबाला आधार' या गोड शब्दांखाली पुष्कळ काही खपवता येते. म्हणून हा प्रश्न उलटसुलट करून पाहायला हवा.

आपला कायदा माणूस मोजतो, घर मोजत नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले आणि स्वमग्नता (म्हणजेच ऑटिझम), अध्ययन अक्षमता यांना त्या यादीत जागा मिळाली. एडीएचडीचे नाव त्यात नाही, त्यामुळे त्या मुलांच्या पालकांना प्रमाणपत्राच्या खिडकीवरून बहुधा तसेच परतावे लागते. हक्क व्यक्तीचेच असतात, तेव्हा कायद्याने व्यक्ती मोजावी हे रास्तच. घर त्या कायद्यात डोकावते ते कलम २४मध्ये. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा तिथे उल्लेख आहे. पण कलमाची सुरुवातच सरकारची 'आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत' अशी आहे, आणि या पळवाटेतून अख्खा भत्ता निघून जाऊ शकतो.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचे मन थोडे मोठे आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना त्यातूनच आली, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. पालकांना काही दिवस उसंत मिळावी म्हणून 'समर्थ' नावाची निवासी केंद्रांची योजनाही आहे. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या बाईला असे केंद्र कुठे आहे ते विचारा. ती उलट तुम्हालाच विचारेल, असे काही असते का म्हणून. प्राप्तिकरात दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. तीही जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यालाच. म्हणजे ज्याचा पगार कर भरण्याइतका आहे त्याच्या घराला सवलत, आणि रोजंदारीवर जाणाऱ्याच्या घराला फॉर्म. राज्यात संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे अर्थसाहाय्य दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय २०२५मध्ये झाला, तो स्वागतार्हच. पण सांभाळणाऱ्या हातांचा हिशेब त्यातही नाही.

घरावर लक्ष द्या म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे आणि ती भावनेवर उभी नाही. आठवड्याचे तास १६८. पाऊण तासाची तीन सेशन्स धरली तर मूल थेरपिस्टसमोर असते सव्वादोन तास. बाकीचा सगळा वेळ घर, अंगण, शाळा. त्यात गरज मोठी. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी झालेली एक पाहणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. २ ते ९ वर्षांच्या दर आठ मुलांमागे साधारण एकाला विकासाशी निगडित एखादी अडचण असल्याचे तिच्यात दिसले. श्रवणदोष, अपस्मार हेही त्यात धरले होते, म्हणून आकडा काहीसा फुगलेला वाटेल. अर्धा धरला तरी एवढ्यांना पुरतील इतके थेरपिस्ट ना आज आहेत, ना दहा वर्षांत होतील.

मग घरालाच शिकवावे का? याचे एक चांगले उत्तर गोव्यातूनच आले. 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून केलेला प्रयोग २०१६मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आला. मुले ६५. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते आईबापांबरोबर बसत. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण करायचे आणि तेच त्यांना दाखवायचे : इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही घाई केली, इथे थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. पालकांचे वागणे मुलाच्या लयीशी जुळू लागले, आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. आंध्र-तेलंगण असो की आपला मराठवाडा, गावोगावी अशी माणसे तयार करता येतील, ही या प्रयोगाची मोठी आशा. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा अभ्यासक्रमही याच वाटेने जातो : गटात नऊ बैठका आणि घरी तीन भेटी.

इथवर सारे पटते. पण शहरातल्या कुठल्याही थेरपी सेंटरमधून मिळणारा 'होम प्रोग्रॅम'चा कागद एकदा नीट वाचावा. सकाळी उठल्यावर सांधे दाबणे, दहा-दहा वेळा. ब्रशने हातपाय चोळणे, दर दोन तासांनी. चिमट्याने राजमा आणि हरभरे वेगळे करणे. कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणे. स्ट्रॉने कापसाचा बोळा फुंकणे. जेवताना दोन पदार्थ समोर धरून त्याने मागेपर्यंत थांबणे. झोका, उड्या, उशांचा डोंगर. प्रत्येक ओळीपुढे सात रकाने, बरोबरची खूण करायला. कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो. पुढच्या सेशनला पहिला प्रश्न येतो, 'घरी करून घेतलंत ना?' ज्या बाईने त्या आठवड्यात सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन काढले, दोन रात्री मुलाच्या न झोपण्यापायी जागून काढल्या, तिने खरे सांगावे की खोट्या खुणा कराव्यात?

घराला मदत देण्याऐवजी घराला काम द्यायचे, असा हा प्रकार आहे. संशोधक म्हणतात पालक हे 'माध्यम' आहेत. व्यवस्थेला ऐकू येते, 'फुकट मनुष्यबळ आहे'. मूल पुढे सरकले नाही तर दोष कोणाचा, हे न बोलता ठरलेले असते. त्या दोषाला इतिहासही आहे. ऑटिझमला आईचा थंडपणा कारण असतो, हे मत अमेरिकेत दोन-तीन दशके प्रतिष्ठित होते; ब्रूनो बेटलहाइम यांचे १९६७चे पुस्तक त्याच सुराचे. त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढले आणि कारण मेंदूच्या घडणीत शोधायला लावले. विज्ञानाने ते प्रकरण कधीच बंद केले. आपल्याकडे मात्र त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात : 'आई नोकरीला होती ना', 'घरात बोलायला कोणी नव्हतं', 'मोबाइल दिलात म्हणून'. पडद्यापुढे तासन्‌तास बसलेल्या मुलाचे बोलणे लांबू शकते, हे खरे. पण त्याच वाक्याचा दगड करून प्रत्येक आईकडे भिरकावणे हे निव्वळ क्रौर्य.

शिकवणे नको, तर रोख पैसे द्यावेत का? केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत घरी पूर्णवेळ सांभाळ करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवले. रक्कम किरकोळ आहे, तरी सांभाळणे हे काम आहे हे एका राज्याने कागदावर मान्य केले, याचे मोल कमी नाही. ब्रिटनमध्ये असा भत्ता कित्येक दशकांपासून आहे. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळ करायचा आणि बाहेरची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत ठेवायची. मर्यादा दोन-चार पौंडांनी ओलांडली तरी अख्खा भत्ता जायचा. सरकारी यंत्रणा याची वेळीच दखल घेत नसे, आणि मग हजारो घरांना जुने पैसे परत करा म्हणून नोटिसा गेल्या. २०२४मध्ये तिथे त्यावर मोठे वादळ उठले. आपल्या तहसील कचेरीची कार्यपद्धती ज्यांना ठाऊक आहे त्यांनी याचे मराठी रूपांतर मनातल्या मनात करून बघावे.

भत्त्याला स्त्रीवादी हरकत आहे, आणि ती मला जास्त टोचते. घरी बसल्याचे पैसे मिळाले की घरी बसणे कायम होते. 'तुला सरकार देतंय ना' हे वाक्य नवऱ्याच्या, सासूच्या तोंडी यायला वेळ लागत नाही. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हिमाचल प्रदेशातल्या एका सहायक प्राध्यापिकेचे प्रकरण आले. मुलाच्या जन्मजात आजारासाठी तिची रजा संपली होती आणि बालसंगोपन रजा राज्याने नाकारली होती. न्यायालयाने सांगितले की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नाही, तो घटनेने दिलेला हक्क आहे, आणि राज्याला धोरणाचा फेरविचार करायला लावले. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि मूल दिव्यांग असेल तर मुलाच्या वयाची अट नाही. हे सारे सरकारी नोकरीत. घरकाम करणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईची रजा म्हणजे बुडालेला रोज. आणि पुरुषांपैकी ही रजा मिळते ती एकट्या बापाला. बायको असलेल्या बापाने घरी थांबायची गरजच काय, असा सरळ अर्थ.

आणखी एक आक्षेप आहे, तो कानाआड करू नये. तो स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्रौढांकडून येतो. ते म्हणतात, आमच्याविषयी नेहमी आमचे आईबाप बोलतात. त्यांचा थकवा, त्यांचा त्याग, त्यांची स्वप्ने. आम्हाला काय हवे ते कोणी विचारत नाही. घर म्हणजे एकच मन नसते. मुलाला मान खाली घालून शांत बसायचे असते, घराला त्याने पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून 'नमस्कार' म्हणायला हवे असते. घराला दिलेली प्रत्येक मदत मुलापर्यंत पोचतेच असे नाही, आणि काही घरांत मुलाला मारही बसतो, कोंडूनही ठेवले जाते. कायद्यातही हा ताण आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालकाची नेमणूक करते. २०१६चा कायदा मात्र मर्यादित पालकत्वाचे, त्या व्यक्तीशी बोलून मिळून निर्णय घेण्याचे बोलतो. दोन्ही कायदे एकाच टेबलावर आहेत आणि दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत. माझा कौल दुसऱ्याकडे. पण ज्या आईने वीस वर्षे त्या मुलाच्या हुंकारावरून त्याला भूक लागली की पोट दुखते हे ओळखले, तिला या चर्चेतून बाहेर काढणेही शहाणपणाचे नाही.

ऑस्ट्रेलियाचा धडाही आहे. २०१३पासून त्यांनी अपंगांसाठी उदार विमा योजना उभी केली. पैसा निदानाशी जोडला, शाळा आणि मोहल्ल्यातली साधी मदत आटत गेली, आणि लहान मुलांचे लोंढे त्या एकाच दारावर आले. खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला तेव्हा २०२५मध्ये सरकारने सौम्य ते मध्यम अडचण असलेल्या लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था करण्याचे जाहीर केले. मदत फक्त शिक्क्यावर मिळणार असेल तर सगळे शिक्क्याच्या रांगेत लागणार. आपल्याकडची ती रांग आजही सोपी नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी मंडळ बसते. पंख्याचा खडखड आवाज आणि गर्दीचा गलका ज्याला सहन होत नाही, त्याच मुलाला त्या बोळात तासन्‌तास थांबवून मग त्याची परीक्षा घेतात. मुलगा कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करून उभा असतो, आई एका हाताने फाइल आणि दुसऱ्याने त्याचा शर्ट धरून असते, आणि बाकावरचे कोणीतरी सल्ला देते, 'दोन ठेवून द्या, गप बसेल.'

हे सगळे तोलून पाहिल्यावर मला वाटते, आपण चुकीचे परिमाण वापरतो. योजना रुपयांत मोजली जाते, थेरपी सेशनमध्ये, प्रशिक्षण 'लाभार्थी पालकां'च्या संख्येत. घराला ज्याचा तुटवडा आहे ते आहेत तास. आईला झोपायला तास, बापाला मुलाबरोबर काहीच न शिकवता बसायला तास, मोठ्या बहिणीला आईबरोबर एकटीने बाजारात जायला तास. लग्नाची पत्रिका देताना नातेवाईक हळूच म्हणतात, 'तुम्ही दोघं नक्की या हं.' तिसरे नाव ते घेत नाहीत, आणि मग दोघांपैकी एकालाच जाता येते. गणपतीत गल्लीत ढोल-ताशा सुरू झाला की दहा वर्षांची ताई खेळ सोडून धावत येते, भावाच्या कानांवर हेडफोन चढवते आणि विसर्जन संपेपर्यंत आतल्या खोलीत त्याच्याजवळ बसून राहते. तिच्या समजूतदारपणाचे कौतुक सगळे करतात. तिची मिरवणूक चुकली याची नोंद कुठल्याही फाइलमध्ये होत नाही.

तास परत देण्याचे पहिले ठिकाण शाळा. पूर्ण दिवसाची शाळा ही मुलाचा हक्क आहे आणि घराला मिळू शकणारी सगळ्यात मोठी मदतही तीच. इथे मुलाचे हित आणि घराचे हित यांत वादच उरत नाही. पण प्रत्यक्षात कितीतरी शाळा 'दोन तासांनी घेऊन जा' म्हणतात, आणि आई फाटकाबाहेरच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसते, कारण घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्येच सांगितले आहे की प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. ती पदे भरली तर घरांना जेवढे तास मिळतील तेवढे कुठल्याही भत्त्याने मिळणार नाहीत.

दुसरे, उसंत. निवासी केंद्राची सुरुवातीला गरज नाही. नगरपालिकेच्या शाळेतली एक खोली, शनिवारी दुपारभर उघडी, दोन प्रशिक्षित आणि पगारी माणसे, गाद्या, झोका, एक शांत कोपरा. यावरची हरकत मला ठाऊक आहे : परक्याच्या हाती मूल द्यायचे कसे? जे मूल घडलेले सांगू शकत नाही त्याच्या बाबतीत ही भीती अनाठायी मुळीच नाही. म्हणून एकट्या माणसाच्या ताब्यात मूल कधीच नाही, पोलीस पडताळणी, आणि देखरेखीला पालकांचीच समिती, या अटी पहिल्या दिवसापासून. आणि हे काम आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या गळ्यात मारू नये. त्यांच्या रजिस्टरांची थप्पी आधीच त्यांच्या उंचीएवढी आहे. त्यांनी मूल लवकर ओळखावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये पालघरहूनच झाली होती आणि अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी त्यात ठरलेलीच आहे. ओळखलेले मूल ज्या जिल्हा केंद्रात पाठवायचे ते संध्याकाळी आणि शनिवारी उघडे असावे, म्हणजे बापालाही 'कामावर होतो' ही सबब उरणार नाही.

पैसा त्यानंतर, आणि तो कमाईच्या अटीविना. प्रशिक्षण सगळ्यात शेवटी, ज्याला हवे त्याला. आणि शिकवायचे ते मुलाला 'सुधारण्या'साठी न शिकवता त्याचे म्हणणे कळावे म्हणून शिकवावे. गोव्याच्या प्रयोगाचे मर्मही तेच होते. झोपलेल्या, जेवलेल्या आणि चार माणसांत जाऊन आलेल्या आईला तो कागद वाचवेल. थकलेलीला नाही.

आईबापांनंतर काय, हा प्रश्न इथे मी हात लावून सोडतो आहे, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच उभारलेले 'घरकुल' हे निवासगृह दाखवते की पालक काय करू शकतात. ते पालकांनाच का करावे लागले, हेही त्यातून दिसते.

पैसे कुठून आणायचे, असे विचारणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचे असतात. बरेचदा ते मार्चअखेरीस वस्तूंच्या वाटपात आणि फोटोत संपतात. येत्या ग्रामसभेत किंवा तुमच्या नगरसेवकाला विचारा की या निधीतून गावातल्या घरांना किती तास मिळाले. हे विचारायला तुमच्या घरात असे मूल असलेच पाहिजे, असा काही नियम नाही.